आणखी जाडजूड पुस्तकं

नाताळची सुट्टी संपली आणि मिनेसोटातल्या आपल्या सातवीच्या वर्गापुढे हॉगेनबाईंनी गर्जना केली, “या सहामाहीत तुम्हा सगळ्यांना वाचनाचं वेड लावणार म्हणजे लावणारच!” अशीच गर्जना त्यांनी ऑगस्टमध्येही केली होती. तेव्हापासून वर्गानं मन लावून वाचला होता तो फक्त कॅन्टीनचा मेनू.

या खेपेला मात्र बाईंकडे योजना होती. “कपाटातली ही चारशे पानी धुडं आजच बाहेर. त्यांच्या जागी पातळ, चटकन संपणारी पुस्तकं येतील.”

“नको ना, मिस!” मागच्या बाकावरून टेसा ओरडली. शाळा सुरू झाल्यापासून या पोरीनं तोंड उघडलं नव्हतं. “उलट आणखी जाडजूड आणा!”

“हो, हो, जाडजूडच!” सगळ्या वर्गानं गिल्ला केला.

बाईंनी आनंदानं वही-पेन पुढे ओढलं. “अगं, सांग ना, कुठली आणू?”




“कुठलीही चालतील, मिस. बंदूकवाला शाळेत घुसला तर काय करायचं, त्याच्या सुट्टीआधीच्या सरावात आपण दाराला लावलेलं हे कपाट मुख्याध्यापकांनी बाहेरून एका हातानं ढकललं. तेवढं जरा जड करा ना.”