कापलेला चेहरा

आमच्या मासळी कारखान्याच्या फुटबॉल क्लबात १९७६च्या विजेत्या संघाचा, अकरा जणांचा फोटो टांगलाय. त्यात गोलकीपर तालिवाल्डिसला चेहरा नाही. आमच्या गप्पा सोव्हिएत गुप्त पोलिसांपर्यंत तोच पोचवतो, या संशयावरून मीच तो कात्रीनं कापला होता.

पुढं चाळीस वर्षं तो दिसला की कर्णधार गुनार्स ओरडायचा, "हळू बोला रे, भिंतीचे कान आले!" तालिवाल्डिस बिअरचा पेला उचलून दुसऱ्या टेबलावर जायचा.

काल लाटव्हिया सरकारनं त्या काळातल्या खबऱ्यांची यादी उघड केली. तालिवाल्डिस पहिल्यांदाच आमच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "वाच की मोठ्यानं, गुनार्स."

 

फोटोत ज्यांना चेहरा आहे, त्या आम्हा दहाही जणांची नावं यादीत होती.