उजव्या अंगाचा

"अडॉप्ट म्हणजे दत्तक घेणं, अडॅप्ट म्हणजे जुळवून घेणं. आप्पा, आज एकबी जोडी चुकली न्हाई!"

डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा घेऊन येणाऱ्या आश्रुबाला त्याची लेक भामा लांबूनच ओरडून सांगत होती. कडा गावाजवळच्या चारा छावणीत दोन तास रांगेत उभं राहून त्यानं तो भारा मिळवला होता. दूध सोसायटीची ही छावणी उद्यापासून बंद होणार होती आणि घरी कडबा उरला होता एकाच बैलापुरता.

भामाची उद्या बीडला तलाठ्याची परीक्षा होती. बाकी सगळं तोंडपाठ, पण इंग्रजीनं पोरीला पार जेरीस आणलं होतं. दिसायला सारखे आणि अर्थानं वेगळे असे शब्द ती हमखास उलटेपालटे करायची. आश्रुबाला अक्षराची ओळख नव्हती, तरी वाट त्यानंच दाखवली होती.

"आपले गुंज्या आन शेंद्र्या तरी कुठं वळखू येत्यात? एका गाईचे, दोगंबी लालभडक. नुसतं तोंडाकडं बघू नगं. जुंपून बघ, मंग कळतंय कोन कुठला."

तेव्हापासून ती प्रत्येक शब्द वाक्यात जुंपून बघायची आणि हसायची.

भारा खाली टाकून आश्रुबानं दावणीकडं बघितलं.

सकाळी रांगेला जाताना त्यानं तिला बजावलं होतं, "राधाकिशन व्यापारी टेम्पो घिऊन यील. उजव्या अंगाचा बैल त्येच्या हवाली कर." उजव्या अंगाला चालायचा शेंद्र्या. गुंज्या डाव्या अंगाचा, तो ठेवायचा होता. शेजारच्या धोंडीरामकडंही एकच बैल राहिला होता, तो उजव्या अंगाचा. त्याच्या डावीकडं गुंज्या जुंपून दोघं सावडीनं पेरणी करणार होते.

दावणीला उजवीकडं शेंद्र्या उभा होता. डावी जागा मोकळी होती.

"बैल सोडताना कुठं हुबी व्हतीस, बाई?"

"कावून, आप्पा? हितंच की, गव्हाणीपाशी. समोर हुबं ऱ्हाऊन नीट बघितलं आन उजव्या हाताचा सोडला."

बैलाचं उजवं-डावं औत धरणाऱ्यानं मागून बघायचं असतं, समोरून ते उलटं दिसतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही, औतामागं चालून ते आपोआप येतं. भामाची दोन वर्षं बीडच्या वसतिगृहात गेली होती. आणि पुस्तक तर समोर धरूनच वाचायचं असतं. तिचा काय दोष?

टेम्पो केव्हाच निघून गेला होता. दावं एकदा व्यापाऱ्याच्या हातात दिलं की बैल परत मागायचा नाही, ही रीत.

"शेंद्र्या जाताना लई मागं वळून बघत व्हता," भामा म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मग बापाचा चेहरा बघून ती एकदम घाबरली. "आप्पा, मी चुकले तर न्हाई ना?"

मागं वळून बघणारा तो गुंज्या होता आणि आपण रांगेत होतो. आश्रुबानं उपरण्यानं तोंड पुसलं, डोळेही त्यातच पुसून घेतले.

"न्हाई गं. बराबर दिलास. तू आता पेपराकडं ध्यान दे."

एसटीची वेळ झाली. भामानं पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता बैलाच्या कपाळावरून हात फिरवला. "येते रे गुंज्या. आप्पाला साथ दे."

आश्रुबानं भाऱ्यातली त्यातल्या त्यात हिरवी पेंडी उपसली. तिला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं हाक मारली, "ये गुंज्या, खा लेकरा."

त्या नावाला शेंद्र्यानं कानही हलवला नाही. तो डावीकडच्या मोकळ्या जागेकडं बघत होता.