टोपी पडेपर्यंत

मैदानावर नव्वद हेल्मेटं होती. एकोणनव्वद डोक्यांवर आणि एक बाकाखाली.

बाकाखालचं हेल्मेट कोल्बी रेनरचं होतं. अमेरिकन फुटबॉलच्या या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, गवती टोपी घालून बाकावर बसला होता आणि लोणी लावलेलं मक्याचं कणीस खात होता. तो रोज सरावाला यायचा, पण नव्या करारावर सही होईपर्यंत मैदानात पाऊल टाकायचा नाही. सहीच्या आधी काही मोडलं तर करार कुठे जाईल हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कणसावरून कुणी त्याला टोमणा मारत नव्हतं.

विजेवर चालणारी छोटी गाडी बाकाशी येऊन थांबली. संघाच्या मालकीण कुबियाकबाई, वय अठ्ठ्याहत्तर, ती स्वतः चालवत होत्या. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर करार.

"घे. पाचही वर्षांचे पैसे पक्के," त्या म्हणाल्या. "गुडघा गेला तरी, खांदा निखळला तरी, मान मोडली तरी..."

"बाई, खाताना मान नको."

"मग सही कर आणि काय खायचं ते खा."

कोल्बीने कणीस फिरवून दुसरी बाजू धरली. "मोडल्यावर काय, ते सगळं लिहिलंय तुम्ही. मोडू नये म्हणून काय, ते कुठंय?"

"ते कसं लिहितात?"

कोल्बीने कणसानेच दाखवलं. समोर दीडशे किलोंचा सेमिसी गुडघ्यांना पट्ट्या आवळत होता. कोल्बी उजव्या हाताने फेकतो. फेकताना त्याची पाठ डावीकडे होते आणि तिकडून धावून येणारा माणूस त्याला दिसत नाही. गेली सहा वर्षं तिकडे सेमिसी उभा होता.

"चौतिशीचा झालाय तो," बाई म्हणाल्या. "या महिनाअखेरीला सोडतोय त्याला. सगळ्यांच्या पगाराची बेरीज ठरलेली असते, बाबा. तुझा वाढवला की कुणाला तरी जावं लागतं. त्याच्या जागेवरचा नवा गडी निम्म्याहून स्वस्त आहे."

"आहेच. आणि गुणी आहे. मी आडवा झालो की पहिला हात देतो."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "सेमिसीचे पैसे आणू कुठून?"

"माझ्यातले घ्या. मोडल्यावर मिळणारे घ्या. ते मला नकोच आहेत."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग सेमिसीकडे. "मी माणसं आठवणींवर ठेवत नाही. तुला चेंडू फेकायला किती वेळ लागतो?"

"दोन पूर्णांक सात सेकंद. तुम्हीच मोजलाय."

"मोजलाय. आण ती टोपी."

कोल्बी जिथे उभा राहायचा तिथे एक निळं पिंप ठेवलं गेलं. पिंपावर टोपी. कोल्बी उठायला लागला तशा बाई ओरडल्या, "बस खाली! अजून सही नाही झाली, काचेचा आहेस तू."

मग त्यांनी नियम सांगितला. संघातला सर्वांत चपळ गडी प्रूइट डावीकडून येईल आणि टोपी पाडेल. टोपी खाली पडली की घड्याळ थांबेल. नव्या गड्याने आणि सेमिसीने आळीपाळीने त्याला अडवायचं, प्रत्येकाने तीन वेळा.

आधी नवा गडी उभा राहिला. दोन पूर्णांक दोन. दोन पूर्णांक तीन. दोन पूर्णांक दोन. प्रूइटने तिसऱ्यांदा टोपी स्वतःच्या हेल्मेटवर ठेवून वाकून नमस्कार केला.

"सेमिसी," बाई म्हणाल्या, "तुझी सरासरी दोन पूर्णांक सात भरली, तर तू राहतोस."

"आणि नाही भरली तर?"

"तर घरी."

"घरी सासू आलीय," सेमिसी म्हणाला आणि त्याने हेल्मेटचा पट्टा आवळला.

पहिल्यांदा अडीच. प्रूइट बाजूने असा सटकला की सेमिसीचे हात हवेतच राहिले.

"काका, सासूबाईंना नमस्कार सांगा!" प्रूइट ओरडला.

दुसऱ्यांदा दोन पूर्णांक सहा. सेमिसी कमरेवर हात ठेवून वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. कोल्बीचं कणीस हातातच थांबलं होतं.

"आता तीन लागतात," तो पुटपुटला. "निदान तीन."

बाईंनी घड्याळ शून्यावर आणलं.

तिसऱ्यांदा प्रूइट सुटला. सेमिसी त्याला छातीवर भिडला, एक पाऊल मागे गेला, आणखी एक गेला, आणि मग दोघेही धप्पकन खाली आले. प्रूइट खाली, सेमिसी वर. टोपी पिंपावर.

"बाई, हा मुद्दाम पडला!" खालून आवाज आला.

"चौतिशीचा माणूस मी," सेमिसी वरूनच धापा टाकत म्हणाला. "पाय घसरतो."

"थांबवा ना ते घड्याळ!"

"टोपी पडलेली नाही," बाई म्हणाल्या.

सगळं मैदान टोपीकडे बघत होतं. प्रूइटने एक हात सोडवून पिंपाच्या दिशेने लांबवला. हातभर कमी पडला. मैदानापलीकडच्या तळ्याकडून वाऱ्याची एक झुळूक आली. टोपीची कड उचलली गेली, परत बसली, पुन्हा उचलली गेली आणि टोपी गवतावर घरंगळली.

बाईंनी बटण दाबलं. अकरा पूर्णांक चार.

त्यांनी करार उलटा केला आणि पाठीमागे तिन्ही आकड्यांची बेरीज मांडली. साडेसोळा. तिनाने भागली.

साडेपाच सेकंद.