बुवांची खास जागा

टीव्हीवर बुवांच्या आदरांजलीची मैफल लागली होती. त्यांचा पट्टशिष्य हेरंब ती पाहायला मुद्दाम माईंच्या घरी येऊन बसला होता. बुवांचे दोन तानपुरे कुणाला द्यायचे, ते आता त्यांच्या पत्नीनं, म्हणजे माईंनीच ठरवायचं होतं.

निवेदकाला अगदी वेळेवर गहिवरून आलं. बुवांचं नाव घेताना जो तो कानाच्या पाळीला हात लावत होता, तेही कॅमेरा आपल्याकडे वळल्याची खात्री करून. बुवांच्या आजारपणात यांतला एकही जण जिना चढून आला नव्हता.

मग पडद्यावर हेरंब गाऊ लागला. तार षड्जाला भिडण्याआधी तो एकदम थांबला, त्यानं डोळे मिटले आणि मग तो वर गेला. सभागृह 'वाहवा'नं दणाणलं.

"ही बुवांची शेवटच्या वर्षातली खास जागा, माई!" सोफ्यावरचा हेरंब म्हणाला. "अख्ख्या घराण्यात फक्त मी उचलली. आता शिष्यांनाही हीच घोटायला देतो."

ते थांबणं माईंना चांगलं ठाऊक होतं. ते सुसह्य व्हावं म्हणून त्यांनी वर्षभर बुवांच्या पाठीशी उशा रचल्या होत्या.

"ती जागा नव्हती रे," त्या म्हणाल्या. "त्यांना दम लागायचा. फुप्फुसात पाणी झालं होतं."

हेरंबचा चेहरा पडला. तरी तो चाचरत म्हणाला, "मग माई, तानपुऱ्यांचं...?"

"तानपुरे इथंच राहतील. तू आधी छातीचा एक्स-रे काढून घे. आणि शिष्यांचाही."