शुक्रवारचे अहवाल

"सव्वीस अहवाल, आणि एकाही कागदावर खाडाखोड नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं अक्षर आमच्या ऑफिसात गाजतंय, माहीत आहे का?"

बाइंडर खळीचा ब्रश पाण्यात बुडवत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कौतुकाची सवय नसेल बिचाऱ्याला, असं बाईंना वाटलं.

बाई शहराच्या युवा रोजगार योजनेच्या. योजना साधी होती. मुलांचा पगार महापालिका देणार, मालकानं सहा महिने काम शिकवायचं आणि दर शुक्रवारी काय शिकवलं ते स्वतः लिहून पाठवायचं. फॉर्मवर 'स्वतः' या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. आदल्या वर्षी काही बहाद्दरांनी मुलांना दिवसभर चहा आणायला पळवलं आणि अहवालही त्यांच्याकडूनच लिहून घेतले. त्या मालकांची नावं यादीतून उडाली होती.

"तुमच्यासारखे मालक मिळाले तर आमचं काम सोपं होईल. पुढच्या खेपेला दोन मुलं देऊ?"

"बघू. आधी हिचं मार्गी लागू दे."

हिचं म्हणजे त्याच्याकडच्या शिकाऊ मुलीचं. सोमवारपासून मोठ्या छापखान्यात तिची जागा ठरली होती. छापखान्याला फक्त योजनेचा दाखला हवा होता. आज बाईंची सही झाली की तो मिळणार होता. मुलगी बांधलेली रजिस्टरं शाळेत पोचवायला गेली होती.

बाईंचा पदर टेबलाला अडकला आणि पुस्तकाच्या सुट्या घड्यांची चळत जमिनीवर सांडली. बाई ओशाळल्या. बाइंडरनं खाली बसून गप्पा मारता मारता ती पुन्हा लावून टाकली.

"अहो, पानांचे नंबर तरी बघा!"

"कशाला? प्रत्येक घडीच्या पाठीवर काळी खूण असते. नीट लावलं की खुणांचा जिना होतो. पायरी चुकली की घडी चुकली."

"म्हणजे तुम्ही चुकतच नाही."

"आतून नाही. बाहेरून एकदा चुकलो. अख्खं पुस्तक कव्हरात उलटं बसवलं. गिऱ्हाईक अजून हसतंय."

बाईही हसल्या. मग त्यांनी फाइल चाळली आणि आवाज जरा खाली आणला.

"एक विचारायचं राहिलं. शेजारचा शिंपी सांगत होता, रोज चार ते पाच तुमचं दार ओढलेलं असतं. त्या तासात मुलीला काय काम देता?"

"आतलं काम असतं."

"कसलं?"

बाइंडर ब्रश पुसत राहिला. ब्रश केव्हाच कोरडा झाला होता. शिंप्याची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा लांब, हे त्याला आज कळलं.

बाई उठल्या आणि आतल्या टेबलापाशी गेल्या. तिथं दाबाच्या फळीखाली एक वही होती. त्यांनी ती ओढली, शेवटचं पान उघडलं आणि बघतच राहिल्या. एकच शब्द दहा वेळा लिहिलेला. अक्षरं वेडीवाकडी, एक रेघेच्या वर तर दुसरं खाली. कालच शाळेत घातलेल्या पोराचं असावं तसं.

"ही कुणाची?"

तेवढ्यात मुलगी रिकामी पिशवी घेऊन आत आली. बाईंनी वही तिच्यासमोर धरली.

"तुझी आहे?"

मुलीनं वहीकडे पाहिलं, मग बाइंडरकडे.

"माझी."

"अर्जाला शाळेची गुणपत्रिका जोडली आहेस तू. पहिल्या श्रेणीची."

"हो."

बाईंनी एक कोरा कागद पुढे केला. "तुझं नाव आणि पत्ता लिही."

मुलीनं पेन घेतलं. शेजारी अहवालांचा गठ्ठा उघडा पडला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"नको, बाई."

"का?"

"येत नाही."

बाईंनी फाइल मिटली. त्यांना राग आला होता, त्याहून जास्त वाईट वाटलं होतं.

"मग गुणपत्रिका खोटी. मला दाखला देता येणार नाही, आणि छापखान्याला कळवावं लागेल." त्या बाइंडरकडे वळल्या. "आणि तुम्ही! इतकं सुरेख लिहिणारा माणूस. सहा महिन्यांत तुमच्या एवढंही लक्षात आलं नाही?"

बाइंडरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिनं कळेल न कळेल अशी मान हलवली, बोलू नका म्हणून. तिचं सोमवारचं काम हातचं जात होतं आणि हा पंचावन्न वर्षांचा बाप्या खळीच्या भांड्यात डोळे घालून उभा होता. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

बाई दारापर्यंत गेल्या.

"थांबा," तो म्हणाला.

त्यानं वही उचलली, पहिलं पान उघडलं आणि मान खाली घालून त्यांच्या हातात दिली.

पानभर तीच थरथरती अक्षरं होती. खाली लाल शाईत शेरा होता, शुक्रवारच्या अहवालांतल्याच सुरेख अक्षरात: 'काका, छान. पण रेघ सोडू नका.'