लेकीचा हात

सोनोग्राफीचं जेल गार नव्हतं. मानेवर पडल्या पडल्या तिच्या ते लक्षात आलं. या खोलीत तिने स्वतः कितीतरी वर्षं लोकांच्या मानांना जेल लावलं होतं, आणि दरवेळी माणूस दचकायचा. "गार लागेल हं," एवढं बोलून ती मोकळी व्हायची. लेकीने मात्र बाटली आधीच कोमट पाण्यात ठेवली होती. हे काही तिने शिकवलं नव्हतं.

"मान उजवीकडे वळव. अजून. हं, आता हलायचं नाही."

"प्रोब जरा तिरका..."

"पेशंटने शिकवायचं नसतं, आई. गप पड."

ती गप पडली. समोर भिंत आली, सोनोग्राफीचा पडदा मागे राहिला.

लेक शाळेत होती तेव्हापासून आईला ल्युपस होता. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते, असा आजार. दुखरे सांधे, गालांवरचे चट्टे, सगळ्यांशी तिने जमवून घेतलं होतं. पण हा आजार रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही, त्या वयाच्या आधी म्हाताऱ्या होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, हे डॉक्टर दर भेटीत बजावत. मानेतल्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून घ्या, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करू. ती दर भेटीत म्हणे, "बघू." मूठभर गोळ्या गिळतेच आहे, त्यात आणखी एक कशाला? खरं कारण वेगळं होतं. लोकांच्या रक्तवाहिन्यांत काय काय साचतं ते रोज पाहणाऱ्या बाईला स्वतःची रक्तवाहिनी पाहायची हिंमत नव्हती. आज शेवटी लेकीने परस्पर नंबर लावला आणि हाताला धरून तिला कॉटवर आडवं केलं.

"शेजारच्या काकूंनी कुत्रा पाळलाय, कळलं का?" लेक बोलत होती. "म्हणजे फिरायला काकू नेतात असं त्यांना वाटतं. खरं तर तोच त्यांना नेतो."

मानेवर टेकवलेला मशीनचा प्रोब हळूहळू वर सरकत होता. एका जागी तो रेंगाळला. पुढे गेला. मागे आला. मग त्याच जागी आडवा झाला.

तिला कळलं.

रक्तवाहिनीच्या भिंतीवर खरंच थर साचलाय की नुसता भास आहे, हे ठरवायला प्रोब फिरवून तीच जागा पुन्हा बघायची. तिनेच शिकवलेलं. आणि त्यासोबत दुसरंही: हात थांबला तरी तोंड थांबू द्यायचं नाही. पेशंटला पडदा दिसत नाही, पण आपलं गप्प होणं त्याला बरोबर ऐकू जातं. भले भले तिथेच चुकतात.

"...आता कुत्रा सोफ्यावर झोपतो," लेक सांगत होती, "आणि काका खाली सतरंजीवर."

शब्द कुठे अडला नाही. हाताचा दाब तसूभरही वाढला नाही. मग मशीनमधून रक्त वाहण्याचा आवाज आला. सूं, सूं, सूं. मोकळा होता. थर होता, पण वाट अडलेली नव्हती.

तिचा ऊर भरून आला. भीती होतीच, पण भीतीने एवढं भरून येत नाही. ही पोर आईच्या मानेतला थर बघत होती आणि कुत्र्याची गोष्ट शेवटापर्यंत नेत होती.

लेक मान पुसू लागली.

"डावीकडे आहे ना गं?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील, ताई," लेक म्हणाली. अगदी परक्या पेशंटला सांगावं तसं. फक्त जेल निघून गेलं तरी तिचा हात मान पुसतच राहिला.

"ताई म्हणते बघा आईला!" ती हसत उठून बसली. लेकीचा हात तिने धरून ठेवला. "मला नसतं जमलं हे."

"काय?"

"माझ्या आईची मान असती, तर मी गप्प झाले असते."

लेक प्रोब पुसत राहिली. आता कुठे तिचा आवाज अडला होता.

"चल," ती कॉटवरून उतरत म्हणाली, "डॉक्टर निघायच्या आत त्यांना गाठू. ती गोळी मी आजपासून घेते."