यादीतलं पहिलं पुस्तक

"चारही वाचलीत?" साहेबांनी विचारलं.

वाचनालयाच्या बाईंनी मान हलवली, पिशवीतून चार पुस्तकं काढून टेबलावर ठेवली आणि त्यांवर आपली यादी ठेवली. गेली बावीस वर्षं दर महिन्याला वाचनालयाच्या दारावर त्या अशीच यादी लावत आल्या होत्या. वाचाव्यात अशा विज्ञानकादंबऱ्या, कथासंग्रह आणि प्रत्येकापुढे दोन ओळी, का वाचावं ते. बाईंनी नाक मुरडलं की ते पुस्तक कपाटात धूळ खात पडायचं. साहेब स्वतः त्या यादीवरून पुस्तकं नेणाऱ्यांतले, म्हणून तर हे काम त्यांनी बाईंना सांगितलं.

म्हणून, आणि बाईंचा मुलगा त्यांच्या कोठडीत होता म्हणून.

बारक्या खाणीत दिवे दुरुस्त करायचा. मागच्या वर्षी खाणीतला एक बोगदा भिंत घालून बंद केला, तेव्हा दिवे उतरवायला आत गेलेला शेवटचा माणूस तोच. बोगदा रिकामा होता असं कागदोपत्री होतं. मग गावात ही चार पुस्तकं हातोहात फिरायला लागली. चारही विज्ञानकथा, एकावरही लेखकाचं नाव नाही. त्यांतल्या एकात बोगद्याबद्दल असं काही होतं, जे बाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. कुठल्यात, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं. अठरा दिवसांपूर्वी त्यांनी बारक्याला कामावरूनच उचललं. तो म्हणत होता, मी नाही लिहिलं.

साहेबांनी बाईंना स्पष्टच सांगितलं होतं. पुस्तकं वाचा, नेहमीसारखी यादी करा आणि यातलं एकही तुमच्या मुलाचं नाही याची मला खात्री पटवा. पटली, तर सोमवारी तो घरी. नाही पटली, तर छावणीत. आणि छावणीतून परत आलेलं माणूस बाईंनी अजून तरी पाहिलं नव्हतं.

खरं सांगायचं तर बाई खोटं बोलायचं ठरवूनच वाचायला बसल्या. मुलाची एक ओळ जरी ओळखू आली, तरी ते पुस्तक यादीत तळाला टाकायचं, रद्दी म्हणायचं आणि हा माझा मुलगा नव्हेच म्हणून शपथा घ्यायच्या.

पण तशी वेळच आली नाही. पहिलं पुस्तक यंत्रमानवांचं, नुसता खडखडाट. दुसऱ्यात परग्रहावरची मंडळी पानोपानी भाषणं ठोकत होती. तिसरा कथासंग्रह बरा होता, पण प्रत्येक गोष्टीचा शेवट दुसऱ्याच पानावर कळत होता. चौथं उघडलं आणि बाईंचा दुपारचा चहा तसाच निवून गेला.

जमिनीखाली एक शहर असतं. हवा पुरेनाशी झाली की तिथले कारभारी एकेक गल्ली आतल्या माणसांसकट बंद करतात आणि वर लिहून ठेवतात, गल्ली रिकामी होती. शेवटच्या गल्लीत दिवे नसतात. शेजारून फटीतून झिरपणाऱ्या दुजेडावर तिथली माणसं दिवस काढतात, पोरांना अक्षरं शिकवतात. मग एक दिवस कुणीतरी ती फटही लिंपून टाकतं. त्या पानावर बाई हमसून हमसून रडल्या. एकाही शब्दाला कुठे ठेच लागली नाही, सगळं कसं घरातल्यासारखं वाटत होतं.

आणि पुस्तक मिटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. हे बारक्याचं? अहो, पुस्तक दाखवलं की बारक्याला जांभया यायच्या. बाहेरगावी कामाला होता तेव्हा त्याचं पत्र म्हणजे दीड ओळ. मी बरा आहे, मोजे पाठव. गावाला वाचायला लावलं आणि पोटचा पोरगा तेवढा कोरा राहिला, याचं बाईंना जन्मभर वाईट वाटलं होतं. आज पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं. हे कुणा मुरलेल्या लेखकाचं काम होतं. कोण असेल त्याला देव सांभाळो, असं त्या मनात म्हणाल्या. त्याच्या आईचा त्यांना थोडा हेवाही वाटला.

यादीत त्यांनी चौथं पुस्तक सगळ्यांत वर लिहिलं. पुस्तकाच्या बाबतीत खोटं बोलायची वेळ आली नाही, याचंही समाधान होतंच.

साहेबांनी यादी सावकाश वाचली. हे पहिलं का, एवढंच विचारलं.

"भाषा बघा ना, साहेब," बाई म्हणाल्या. "लिहिणाऱ्यानं आयुष्य वाचण्यात घातलंय. आमच्या पोराच्यानं हे सात जन्मांत होणार नाही."

बारक्याची दीड ओळीची पत्रं त्यांनी सोबत आणली होती, तीही पुढे केली. साहेब पत्रं वाचून हसले. चौथं पुस्तक आपल्यालाही आवडल्याचं त्यांनी कबूल केलं. मग ड्रॉवरमधून सुटकेचा कागद काढला, पेन उघडलं आणि सोमवारपर्यंत कशाला थांबता, आजच घेऊन जा म्हणाले. बाईंनी डोळे पुसले आणि पत्रं गोळा करायला घेतली.

सही करता करता साहेबांना काहीतरी आठवलं. वाचक म्हणून विचारतो, म्हणाले, चौथ्या पुस्तकात एका शब्दापाशी मी अडलो. तीन शब्दकोश बघितले. कचेरीत विचारलं, खाणीतल्या लोकांना विचारलं. कुणालाच सांगता येईना.

"दुजेड म्हणजे काय हो, बाई?"

बाईंना हसूच आलं. एवढा वाचणारा माणूस आणि इतक्या साध्या शब्दाला अडला.

"दुसऱ्या खोलीतून येतो ना, तो उजेड. सगळेच म्हणतात की," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात तर रोजचा शब्द. बारक्या दोन वर्षांचा होता, अंधाराला घाबरायचा, म्हणून मी दार जरासं उघडं ठेवायची, तेव्हा त्यानंच हा..."